दिसेनासे झालेल्यांच्या मागावर : वाचकांचे प्रश्न

नामशेष मानले गेलेले प्राणी शोधण्यासाठी स्वतः प्रवासाला निघावे की नाही, निघाल्यास कसे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत. प्रश्नाचा गाभा मात्र तसाच ठेवला आहे.

प्रश्न : कामानिमित्त मला काही महिने ऑस्ट्रेलियात राहायचे असून त्यातले तीन आठवडे टास्मानियाच्या जंगलात थायलसीन, म्हणजे ज्याला टास्मानियन वाघ म्हणतात तो प्राणी, शोधण्यासाठी मी राखून ठेवले आहेत. तो जिवंत असण्याची काही शक्यता आहे का, की मी वेळ वाया घालवतो आहे?

पाठीवरचे पट्टे सोडले तर या प्राण्याचे वाघाशी काही नाते नाही. तो कांगारूप्रमाणे पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवणारा, आणि दिसायला कुत्र्यासारखा शिकारी प्राणी होता. मेंढ्या मारतो या समजुतीने टास्मानियाच्या सरकारने १८८८ पासून १९०९ पर्यंत प्रत्येक प्रौढ थायलसीनमागे एक पौंड इनाम दिले आणि त्या काळात २,१८४ इनामे वाटल्याची नोंद आहे. रानातल्या थायलसीनची शेवटची निश्चित शिकार १९३० मधली आहे. कायद्याचे संरक्षण मिळाले ते १० जुलै १९३६ रोजी, आणि त्यानंतर अवघ्या ५९ दिवसांनी, ७ सप्टेंबरला, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातला शेवटचा ज्ञात थायलसीन मेला.

तेव्हापासून त्याचा शोध जवळजवळ अखंड चालू आहे, हे आपण निघण्यापूर्वी नीट समजून घ्यावे. १९४०च्या दशकात, नंतर १९६०च्या दशकाअखेरीस आणि पुन्हा १९७०च्या दशकाअखेरीस मोठ्या मोहिमा निघाल्या. १९८२ च्या मार्च महिन्यात बेटाच्या वायव्य भागात, पावसाच्या रात्री गाडीत झोपलेल्या हान्स नार्डिंग या वनरक्षकाने जाग आल्यावर प्रकाशझोत फिरवला, तेव्हा काही पावलांवर उभा असलेला पट्टेदार प्राणी त्यांना दिसला. त्यांनी त्याच्या अंगावरचे बारा पट्टे मोजले. कॅमेऱ्याकडे हात नेताच तो झाडोऱ्यात शिरला आणि माग पावसाने धुऊन गेले. ही माहिती गुप्त ठेवून त्या टापूत दीर्घकाळ तपास झाला, पण हाती काही लागले नाही. या दर्शनाची मी मुद्दाम तपशिलाने आठवण देत आहे, कारण अनुभवी माणसाने, जवळून, पुरेसा वेळ पाहिलेले दर्शनही पुराव्याशिवाय पुढे सरकत नाही, हे आपल्याला तिथे पावलोपावली जाणवेल.

१९१० नंतरच्या १,२३७ नोंदी एकत्र करून ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रत्येकीची विश्वासार्हता तोलली, तेव्हा हा प्राणी १९३६ नंतरही काही दशके दुर्गम भागात तग धरून असावा, पण आज तो असण्याची शक्यता फारच थोडी आहे, असा निष्कर्ष निघाला. मला स्वतःला आणखी एक गोष्ट निर्णायक वाटते. टास्मानियाच्या रस्त्यांवर वाहनांखाली वन्यप्राणी मोठ्या संख्येने मरतात. परंतु त्यांत आजवर एकही थायलसीन आढळलेला नाही. शेकडो प्राण्यांची पैदास होणारी टोळी जिवंत असती, तर इतक्या वर्षांत एक तरी मृतदेह मिळायला हवा होता. म्हणून आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, तो आपल्याला दिसण्याची आशा धरू नये.

तरीही आपण जावे असे मी म्हणेन. होबार्टच्या संग्रहालयापासून सुरुवात करावी. ज्या शेवटच्या मादीचे अवशेष हरवले असे वर्षानुवर्षे मानले जात होते, ते त्याच संग्रहालयाच्या साठ्यात असल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. त्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस केवळ तिथले आजचे प्राणी, म्हणजे वॉम्बॅट, वॉलबी, क्वोल, टास्मानियन डेव्हिल आणि विशेषतः पॅडमेलॉन हा कांगारूचा ठेंगणा भाऊबंद, कमी उजेडात, पाठमोरे आणि अर्धवट झाकलेले ओळखण्यात घालवावेत. २०२१ मध्ये थायलसीनच्या कुटुंबाची छायाचित्रे म्हणून गाजलेली चित्रे संग्रहालयातील तज्ज्ञांनी पाहिली, तेव्हा ती बहुधा पॅडमेलॉनची असल्याचे मत त्यांनी दिले. ज्याला परिचित प्राणी सर्व अवस्थांत ओळखता येत नाहीत, त्याने अपरिचित प्राणी पाहिल्याचे सांगण्यात अर्थ उरत नाही. संरक्षित क्षेत्रात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर येताच आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे, लावायचे असल्यास परवानगीसाठी बराच आधी अर्ज करावा.

प्रश्न : पन्नास वर्षे दिसला नाही की प्राणी नामशेष ठरतो, असे शाळेत शिकलो होतो. हा नियम खरा आहे का?

एकेकाळी तसा दंडक वापरला जात असे. कोणती जात किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत आता वर्षांची अट नाही. शेवटचा जीव मेला याविषयी वाजवी शंका उरली नसेल तरच जातीला नामशेष म्हणावे, आणि तेही तिच्या साऱ्या जुन्या टापूत, योग्य ऋतूत व दिवसाच्या योग्य वेळी कसून शोध घेतल्यानंतर, असा आजचा निकष आहे.

‘योग्य वेळी’ या दोन शब्दांवर मला थोडे थांबायचे आहे. जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० मध्ये आंध्र भागात अनंतपूरजवळ नोंदला गेला आणि त्यानंतर ८६ वर्षे कोणाही अभ्यासकाला दिसला नाही. इतर धाविक उघड्या माळावर दिवसाउजेडी धावताना दिसतात, म्हणून यालाही तसेच शोधणे साहजिक होते. प्रत्यक्षात हा विरळ काटेरी झुडपांत राहणारा निशाचर पक्षी निघाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भरत भूषण यांनी कडप्पा जिल्ह्यात गावोगाव चौकशी केली आणि १९८६ च्या जानेवारीत एका स्थानिक पक्षी पकडणाऱ्याच्या मदतीने रात्री, विजेरीच्या उजेडात, तो पुन्हा सापडला. तेलुगूत त्याला ‘कलिवी कोडी’ म्हणतात, म्हणजे करवंदीच्या जाळीतली कोंबडी. त्याचे राहण्याचे ठिकाण लोकांनी नावातच सांगून ठेवले होते.

घाईने नामशेष ठरवण्यात मोठा धोका आहे. पक्षितज्ज्ञ नायजेल कॉलर यांनी त्याला ‘रोमिओची चूक’ असे नाव दिले: ज्युलिएट मेली असे समजून रोमिओने प्राण दिले आणि मग ती खरोखरच मेली. फिलिपाइन्सच्या सेबू बेटावरचे जंगल जवळजवळ संपल्यामुळे तिथला फ्लॉवरपेकर हा चिमुकला पक्षीही संपला असे धरले गेले. तो १९९२ मध्ये उरल्यासुरल्या जंगलाच्या तुकड्यात सापडला. पण मधल्या काळात जो संपलाच आहे त्याच्यासाठी जंगल राखायचे कशाला, असेच वातावरण होते.

प्रश्न : मी ग्रंथपाल आहे. शोधयात्रेला निघण्यापूर्वी जुन्या नोंदी चाळाव्यात असे वाचले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नोंदींवर कितपत विसंबावे?

या अंकातले हे पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण अशा प्रवासांचे यशापयश पुष्कळदा संग्रहालयाच्या कपाटातच ठरलेले असते.

रानपिंगळ्याचे उदाहरण घ्या. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळालेल्या नमुन्यावरून ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या लहान घुबडाचे वर्णन केले. पुढे आणखी मोजके नमुने मिळाले, त्यांतले शेवटचे १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात शहाद्याच्या परिसरात घेतले. त्यानंतरची एकच नोंद शिल्लक होती: १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचे सांगितलेला, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहकाच्या संग्रहातला नमुना. साहजिकच, शोधणाऱ्याला सर्वांत अलीकडचे ठिकाण म्हणून मांडवीच खुणावणार.

पॅमेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञ माइनर्ट्झहागेन यांचा संग्रह तपासत होत्या आणि त्यात इतरांचे नमुने चोरून त्यांवर नव्या चिठ्ठ्या लावल्याचे त्यांच्या ध्यानात येत गेले. पक्ष्याचे कातडे भरण्याची, टाके घालण्याची प्रत्येक संग्राहकाची एक ढब असते आणि ती हस्ताक्षरासारखी ओळखता येते. मांडवीचा रानपिंगळा उसवून पुन्हा भरलेला होता, पण मूळ हात डेव्हिडसन यांचाच होता. म्हणजे तो नमुना १८८०च्या दशकातला, आणि चिठ्ठीवरचे गाव व साल दोन्ही खोटे. मांडवी यादीतून वगळून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी खऱ्या नमुन्यांच्या गावांचा माग घेतला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, सकाळच्या उजेडात, शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा उघड्या फांदीवर बसलेला दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती. हा पिंगळा दिवसाही वावरतो, शिकार करतो, हेही त्यानंतरच्या अभ्यासात स्पष्ट झाले. पुढे मेळघाट, यावल, तानसा अशा अनेक ठिकाणी त्याच्या नोंदी झाल्या.

तेव्हा जुनी नोंद वाचताना तिचा प्रत्येक घटक वेगळा तपासावा: नमुना कोणी घेतला, तो त्या तारखेला खरोखर त्या गावी होता का, गावाच्या नावाचे जुने लिखाण आज कोणत्या गावाला लागू पडते, आणि ज्या झाडोऱ्याचे वर्णन आहे तो झाडोरा आज तिथे उरला आहे का. ग्रंथपालाला हे काम इतर कोणापेक्षाही चांगले जमेल. स्वतः प्रवासाला जाणे शक्य नसले तरी जिल्ह्याची जुनी गॅझेटिअरे, शिकारीच्या वह्या आणि संग्रहालयांच्या सूची पडताळून नकाशा तयार करणे हा त्या शोधातला पुरा हिस्सा आहे, दुय्यम मदत नव्हे.

प्रश्न : गावकऱ्यांना चित्र दाखवून “हा प्राणी पाहिलात का?” असे विचारले की बहुतेक जण “हो” म्हणतात. खरे काय ते कसे ओळखावे?

दोष प्रश्नातच आहे. लांबून आलेल्या पाहुण्याने आशेने एकच चित्र पुढे केले, तर त्याला निराश करणे कोणालाही जड जाते. एकाऐवजी दहा-बारा चित्रे ठेवावीत, त्यांत त्या भागातले परिचित प्राणी असावेत आणि तिथे असूच शकत नाही असा एखादा प्राणीही असावा. त्यालाही होकार मिळाला तर पुढची उत्तरे त्या मापाने घ्यावीत. त्याहून चांगले म्हणजे चित्र शेवटी काढावे. आधी इथल्या रानात काय काय आहे, कशाला काय म्हणतात, कोण केव्हा ओरडते, काय खाते, पूर्वी होते आणि आता नाही असे काय, एवढेच विचारावे आणि ऐकत बसावे. आपण न सांगता समोरच्याने एखादी विचित्र पण नेमकी सवय सांगितली, तर तिचे मोल शंभर होकारांहून अधिक आहे.

विज्ञानाच्या दृष्टीने हरवलेला प्राणी शेजारच्या माणसाच्या दृष्टीने हरवलेला असतोच असे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला असे मानलेला सीलाकांथ मासा १९३८ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यात आला, तिथल्या एका संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांनी तो बाजूला काढून ठेवला आणि जगभर खळबळ उडाली. दुसरा मासा मिळायला मात्र १९५२ साल उजाडले, तोही कोमोरो बेटांजवळ. आणि तिथल्या मच्छीमारांना तो ‘गोम्बेसा’ या नावाने आधीपासून ठाऊक होता.

व्हिएतनाममधल्या रुपेरी पाठीच्या शेव्रोटेनचेही तसेच झाले. सशाएवढे हे खुरांचे जनावर शास्त्रज्ञांच्या नोंदीत १९९० नंतर नव्हते. न्हा ट्रांगजवळच्या गावकऱ्यांनी आणि वनरक्षकांनी मात्र पाठ राखाडी असलेले एक वेगळे पिसोरीसारखे जनावर रानात असल्याचे सांगितले. त्या माहितीवरून आधी केवळ तीन कॅमेरा ट्रॅप लावले गेले आणि पाच महिन्यांत २७५ छायाचित्रे मिळाली.

इनामाबाबत मात्र सावध राहावे. जिवंत किंवा मेलेल्या प्राण्यासाठी पैसे जाहीर केले की लोक तो पकडणारच. १९८६ मध्ये पकडलेला तो धाविक जगला नाही, हे आपण विसरू नये. मोबदला द्यावा तो वाटाड्याच्या दिवसाचा आणि माहितीचा, प्राण्याचा नव्हे. आणि ज्याने सांगितले त्याचे श्रेय, त्याची संमती असल्यास, नावानिशी नोंदवावे.

प्रश्न : समजा, खरोखरच दिसला. त्या क्षणी काय करावे आणि कोणाला सांगावे?

पाठलाग करू नये. असेल तिथे थांबून, मिळेल तसे छायाचित्र किंवा आवाजाचे ध्वनिमुद्रण घ्यावे आणि प्राणी गेल्यावर, कोणाशी एक शब्दही बोलण्याआधी, वहीत लिहावे: वेळ, अंतर, उजेड कोणत्या बाजूने होता, किती सेकंद दिसला, कोणता भाग दिसला आणि कोणता दिसला नाही. सोबत दुसरा कोणी असेल तर त्याने स्वतंत्र लिहावे. पावलांचे ठसे मोजपट्टी शेजारी ठेवून टिपावेत. केस किंवा विष्ठा हातमोजे घालून कोरड्या कागदी पाकिटात ठेवावी, मात्र त्यासाठीही बहुतेक देशांत परवानगी लागते.

अमेरिकेतील आयव्हरी-बिल्ड वुडपेकर या भव्य सुतार पक्ष्याचे सर्वमान्य असे शेवटचे दर्शन लुइझियाना राज्यात १९४४ मध्ये झाले. २००४ मध्ये आर्कान्सातल्या दलदलीत होडीतून फिरणाऱ्या एकाला तो दिसला, शोध सुरू झाला, काही सेकंदांचे अस्पष्ट चित्रण मिळाले आणि २००५ मध्ये तो सापडल्याचे जाहीर झाले. पण तिथेच राहणारा पाइलिएटेड वुडपेकर उडताना बराचसा तसाच दिसतो, आणि त्या चित्रणावरचा वाद अजून मिटलेला नाही. दर्शन घेणारे अनुभवी होते, प्रामाणिक होते; कमी पडला तो पुरावा. म्हणून ‘मी पाहिला’ असे लिहिण्याऐवजी ‘मला हे एवढे दिसले’ असे लिहावे.

ठिकाण समाजमाध्यमांवर कदापि टाकू नये. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, तेही पाठवण्यापूर्वी काढून टाकावेत. ऑस्ट्रेलियातल्या नाइट पॅरट या निशाचर पोपटाची २०१३ मध्ये छायाचित्रे मिळाली, तेव्हा ती जागा कटाक्षाने गुप्त ठेवली गेली आणि नंतर तिथे राखीव क्षेत्र झाले. त्या प्राणिगटाचा अभ्यास असलेला संग्रहालयातला एक तज्ज्ञ आणि त्या क्षेत्राचा जबाबदार वनाधिकारी, एवढ्या दोघांना कळवणे पहिल्या टप्प्यात पुरेसे आहे.

प्रश्न : हिमालयन क्वेल हा पक्षी शोधण्यासाठी मी मे महिन्याच्या सुट्टीत तीन वेळा मसुरीच्या परिसरात गेले. काहीही मिळाले नाही. आता थांबावे का?

तीन वेळा रिकाम्या हाताने येऊनही चौथ्यांदा विचार करणाऱ्या आपल्या चिकाटीचा मला मनापासून आदर वाटतो. इंडोनेशियातल्या सायक्लॉप्स पर्वतात २०२३ मध्ये गेलेल्या मोहिमेला १९६१ नंतर न दिसलेल्या लांब चोचीच्या एकिड्नाचे, म्हणजे अंडी घालणाऱ्या एका काटेरी सस्तन प्राण्याचे, चित्र मिळाले ते अखेरच्या दिवशी, ८० हून अधिक कॅमेऱ्यांपैकी अगदी शेवटच्या मेमरी कार्डावर. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा डी विंटनचा गोल्डन मोल हा चिचुंद्रीसारखा जीव १९३६ नंतर मिळाला नव्हता. वास घेणाऱ्या प्रशिक्षित कुत्रीने दाखवलेल्या बोगद्यांतली वाळू तपासून, तिच्यातल्या डीएनएवरून, २०२३ मध्ये त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. पण या दोन्ही ठिकाणी केवळ चिकाटी नव्हती, शोधण्याची रीत प्राण्याच्या रीतीशी जुळवलेली होती, आणि नेमके तिथे आपले काहीसे चुकले आहे असे मला वाटते.

हिमालयन क्वेलची शेवटची निश्चित नोंद नैनितालजवळच्या शेर-का-डांडाची, १८७६ च्या डिसेंबरातली आहे. मसुरीकडची पहिली नोंदही १८६५ च्या नोव्हेंबरातली. उंच गवताच्या आणि झुडपांच्या तीव्र उतारांवर लहान थव्याने राहणारा हा पक्षी जवळजवळ पायाखाली आल्याशिवाय उडत नसे, असे त्या काळच्या शिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. मे महिन्यात दुर्बीण घेऊन पायवाटेने चालणाऱ्याला असा पक्षी, असला तरी, दिसणे कठीणच. यापुढे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जावे, बेनोग आणि बद्राजच्या बाजूचे दाट गवताचे उतार आधी नकाशावर निश्चित करावेत, आणि वनविभागाच्या परवानगीने जमिनीलगत रोखलेले कॅमेरा ट्रॅप काही आठवडे तसेच राहू द्यावेत.

थांबावे की नाही याचा निर्णय एकूण श्रम मोजूनच घेता येईल. किती उतार, किती दिवस, किती कॅमेरा-रात्री (एक कॅमेरा एक रात्र चालला की एक कॅमेरा-रात्र) झाल्यावर आपले समाधान होईल, तो आकडा निघण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. आणि आधीच्या तिन्ही मे महिन्यांतल्या वाटा, तारखा, वेळा आणि दिसलेल्या इतर पक्ष्यांच्या याद्या जुळवून त्या भागाच्या वनाधिकाऱ्यांकडे व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवाव्यात. म्हणजे पुढे जाणाऱ्याला तेच उतार त्याच ऋतूत पुन्हा चढावे लागणार नाहीत.